काकू, अठरा हजार राहू द्या, आधी शीर्षक बदला

या वेळचं पत्र कुडाळहून आलंय. थोडं छोटं करून देतोय.

"दादा, मी शाळेतून रिटायर झालेली शिक्षिका, वय ५९. मुलाने ब्लॉगस्पॉटवर ब्लॉग काढून दिला, त्यावर मी आमच्याकडच्या मालवणी जेवणाबद्दल लिहिते. आईची रेसिपीची जुनी वही आहे, तिचे फोटो पण टाकते. चार वर्षांत १६३ पोस्ट झाल्या, पण रोज पाच-सहा जण येतात आणि त्यातले निम्मे मीच असेन. गूगलवर शोधलं तर माझा ब्लॉग कुठेच नाही. परवा एकाचा फोन आला, १८ हजार द्या, तीन महिन्यांत पहिल्या पानावर आणतो, गॅरंटी देतो, शिवाय महिन्याला १०० लेख पण आम्हीच टाकू म्हणाला. मुलगा म्हणतो देऊन टाक. देऊ का? की मी लिहिते तेच कोणाला नको आहे?"

नमस्कार काकू,

पैसे देऊ नका. हे पहिल्या ओळीतच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही असं गूगलने साइटवाल्यांसाठीच्या स्वतःच्या माहितीत स्पष्ट लिहून ठेवलंय, त्यामुळे जो फोनवर गॅरंटी देतोय तो जे त्याच्या हातात नाही ते विकतोय. आणि तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, तुम्ही लिहिता ते लोकांना हवंय, खूप हवंय, फक्त ते ज्या शब्दांनी शोधतात ते शब्द तुमच्या पोस्टमध्ये जिथे असायला हवेत तिथे नाहीत.

शनिवारी संध्याकाळी बसून तुमच्या चाळीसेक पोस्ट वाचल्या. त्यातली एकच घेतो, कारण जवळजवळ सगळं त्या एका पोस्टमध्ये दिसतं. शीर्षक आहे "आठवणीतला मार्च". सुरुवातीला आजोळचं अंगण, मग वाळत घातलेली आमसुलं, मग परीक्षा संपल्याचा आनंद, असे पाच परिच्छेद, आणि सहाव्यात अचानक ओले काजू येतात. काय सुंदर लिहिलंय ते! हाताला आधी खोबरेल चोळून घ्यायचं, बी विळीवर मधोमध चिरायची, चीक बोटाला लागला तर कातडी सोलवटते म्हणून घाई करायची नाही, गर अलगद काढायचा आणि कोमट पाण्यात टाकायचा म्हणजे वरची साल आपोआप सुटते. हे वाचताना मला माझ्या मावशीची काळी पडलेली बोटं आठवली.

मग मी गूगलवर टाकलं, "ओले काजू कसे सोलायचे". चार पानं पुढे गेलो, तुमची पोस्ट नाही. आता असं समजा की डोंबिवलीत एक मुलगी आहे, सासऱ्यांनी गावाहून काजूच्या ओल्या बियांची पिशवी पाठवलीय, तिने दोन बिया चिरल्या आणि बोटं चुरचुरायला लागली, ती एका हाताने फोन उचलते आणि बोलते, "ओले काजू कसे सोलायचे हात न जळता". मराठीत बोलून शोधायची सोय गूगलने २०१७ मध्ये आणली, तेव्हापासून लोक असे अख्खे वाक्यच्या वाक्य बोलतात. तिला हवं ते उत्तर तुमच्या सहाव्या परिच्छेदात शब्दशः आहे. पण वरती पाटी "आठवणीतला मार्च" ची लागलेली आहे, मग तिथे काजू आहेत हे तिला कळणार कसं आणि गूगलला तरी कसं कळणार?

गूगलचं काम साधारण असं चालतं, त्याचा एक प्रोग्रॅम इंटरनेटभर लिंकवरून लिंकवर फिरतो, पानं वाचतो, मग त्यातली ठेवण्यासारखी वाटतात ती स्वतःच्या सूचीत ठेवतो, आणि कोणी काही विचारलं की त्या सूचीतून जुळणारी पानं काढून ओळीने लावतो. लावताना शेकडो गोष्टी बघतो, पण सगळ्यात आधी हे पान नक्की कशाबद्दल आहे ते त्याला समजावं लागतं, आणि ते समजतं शीर्षकावरून, आतल्या मजकुरावरून, मधल्या उपशीर्षकांवरून आणि दुसऱ्यांनी लिंक देताना काय शब्द वापरलेत त्यावरून. तुम्ही ३० वर्षं शाळेत शिकवलंय, वहीच्या कव्हरवर विषय लिहिलेला नसेल तर गठ्ठ्यातून ती वही काढायला काय त्रास होतो ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

तर पहिलं काम. शीर्षक करा "ओले काजू कसे सोलायचे, हात न जळता (आजीची पद्धत)". पहिल्या दोन-तीन ओळीत सरळ उत्तर द्या, खोबरेल, विळी, कोमट पाणी. मग एक उपशीर्षक, "ओल्या काजूची उसळ", त्याखाली उसळ. आणि आजोळचं अंगण त्याच्या खाली येऊ द्या. अंगण काढून टाकू नका हां काकू, हे मी अगदी मनापासून सांगतोय, कारण खोबरेल लावा हे उद्या आणखी दहा जण लिहितील पण तुमच्या आजीने राखेने हात चोळून घेतलेली ती ओळ दुसऱ्या कोणाकडे नाही. ज्या मुलीची बोटं चुरचुरतायत तिला आधी उत्तर मिळू दे, मग ती नक्की खाली येईल आणि अंगण पण वाचेल.

लोक कोणत्या शब्दांनी शोधतात हे कळायला कुठलं महागडं टूल घ्यायची गरज नाही. गूगलवर "ओले काजू" एवढंच टाइप करून थांबा, खाली जी यादी उघडते ते लोकांनी खरोखर शोधलेले शब्द असतात. पानाच्या तळाशी पण आणखी असतात. आणि त्याहून चांगली जागा म्हणजे तुमचं व्हॉट्सअ‍ॅप, भाचीने विचारलं असेल "मावशी घावणे तव्याला का चिकटतात", सुनेने विचारलं असेल "सोलकढी फाटते का", हे सगळे प्रश्न म्हणजे आयती शीर्षकं आहेत. जसं विचारलं तसंच लिहा.

इथे मालवणी शब्दांचा एक मुद्दा आहे. तुम्ही "कुयरीची भाजी" लिहिलंय आणि कुडाळात ते बरोबरच आहे, पण नाशिकची बाई "कोवळ्या फणसाची भाजी" शोधणार. तिरफळाला कोणी त्रिफळ म्हणतं, गोव्यात तेफळ म्हणतात. सोलकढी कोणी सोलकडी लिहितं. मग काय करायचं, शीर्षकात एक नाव आणि पहिल्या परिच्छेदात दुसरं नाव सहज बोलल्यासारखं येऊ द्यायचं, "आमच्याकडे कुयरी म्हणतात, म्हणजे कोवळा फणस, बी धरायच्या आधीचा". झालं, दोन्ही बायकांना तुम्ही सापडलात आणि तुमचा शब्दही टिकला, मला तर वाटतं हे शब्द टिकणं हेच तुमच्या ब्लॉगचं मोठं काम आहे. पण एकाच ओळीत फणस भाजी फणसाची भाजी कोकणी फणस भाजी रेसिपी असं कोंबू नका, माणसाला वाचवत नाही आणि गूगल त्याला स्पॅम धरतं. कीवर्ड मेटा टॅग, म्हणजे पानाच्या आत वाचकाला न दिसणारी शब्दांची यादी, असा जो प्रकार फोनवाला सांगत असेल तो तर गूगलने रँकिंगसाठी बघत नाही असं २००९ मध्येच जाहीर केलंय.

बरेच लोक मराठी रेसिपी इंग्रजी अक्षरांत टाइप करून शोधतात हेही खरं आहे. त्यासाठी अख्खी पोस्ट तशी लिहायची काही गरज नाही, एखाद्या ओळीत पदार्थाचं नाव इंग्रजी अक्षरांत येऊन गेलं तरी पुष्कळ.

आता आईच्या वहीबद्दल, आणि हे मला सगळ्यात जास्त लागलं. तुमच्या बऱ्याच पोस्ट म्हणजे वहीच्या पानाचा फोटो आणि खाली "आईच्या अक्षरात" एवढी एकच ओळ. तवसाळीचं, म्हणजे तवशाच्या (मोठ्या काकडीच्या) गोड केकचं पान बघितलं मी, पिवळं पडलेलं, कडेला हळदीचा डाग, "१ मोठे तवसे किसून, रवा मावेल तेवढा", केवढं मोलाचं आहे ते. पण गूगलच्या दृष्टीने ते पान जवळजवळ कोरं आहे. फोटोतलं हाताने लिहिलेलं वाचून तो पान ओळीत लावेल या भरवशावर राहून चालत नाही, आणि मोबाइलवर बघणाऱ्या माणसालाही ते अक्षर मोठं करून करून वाचावं लागतं. फोटो ठेवाच, पण त्याखाली मजकूर टाइप करा. टाइप करायचा कंटाळा असेल तर फोनच्या कीबोर्डवर माइकचं चिन्ह असतं, भाषा मराठी ठेवा, वही समोर धरा आणि वर्गात धडा वाचायचात तसं मोठ्याने वाचा, फोन लिहून घेईल, नंतर शुद्धलेखन तुम्ही तपासालच. "मावेल तेवढा" म्हणजे आजच्या वाटीने किती ते पण लिहा, कारण नवीन मुली तिथेच अडतात. फोटोवर क्लिक केलं की ब्लॉगरमध्ये (ब्लॉगस्पॉटचे ब्लॉग ज्यावर चालतात ती गूगलची सेवा) ऑल्ट टेक्स्टची जागा असते, तिथे "तवसाळीची हस्तलिखित रेसिपी" असं साधं वर्णन द्या. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांना फोन ते वाचून दाखवतो आणि गूगलच्या फोटोंमध्ये पण त्याचा उपयोग होतो.

तुमचा ब्लॉग गूगलच्या सूचीत आहे का तेही बघितलं. तुम्ही पण बघू शकता, गूगलच्या चौकटीत इंग्रजीत साइट हा शब्द, मग कोलन, आणि मध्ये जागा न सोडता ब्लॉगचा पत्ता. मुख्य पान आणि साधारण निम्म्या पोस्ट दिसल्या, म्हणजे दार उघडं आहे. (बाकी वाचकांपैकी कोणाचं काहीच दिसत नसेल तर ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली 'व्हिजिबल टू सर्च इंजिन्स' चालू आहे का बघा, वर्डप्रेसवाल्यांनी सेटिंग्ज, मग रीडिंग, तिथे सर्च इंजिनांना मज्जाव करणाऱ्या चौकटीत टिक राहिलीय का ते बघा. वर्षानुवर्षं ती टिक तशीच राहिलेले ब्लॉग मी पाहिलेत.)

न दिसणाऱ्या पोस्ट बहुतेक त्या फोटोवाल्याच आहेत. नक्की कळायला सर्च कन्सोल उघडा, ही गूगलचीच फुकट सेवा आहे, ब्लॉगचा जो जीमेल आहे त्यानेच गेलात तर ब्लॉग तुमचाच आहे हे सिद्ध करायची कटकट बहुतेक वेळा पडत नाही. मुलाला एक रविवार बसवा. तिथे साइटमॅपच्या (ब्लॉगच्या सगळ्या पानांच्या यादीच्या) जागी साइटमॅप डॉट एक्सएमएल हे नाव इंग्रजीत द्यायचं, ती फाइल ब्लॉगर आपोआप बनवतो. मग पेजेसच्या रिपोर्टमध्ये 'क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' असं काहीतरी दिसेल, म्हणजे गूगल येऊन पान वाचून गेला पण ठेवलं नाही. अशा पानात मजकूर भरला की वरच्या चौकटीत त्याचा पत्ता टाकून 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग' दाबा. एकदाच दाबा, रोज दाबून काही लवकर होत नाही.

त्याच कन्सोलमध्ये परफॉर्मन्स नावाचा भाग आहे आणि मला विचाराल तर अख्ख्या प्रकरणात तोच सोन्यासारखा आहे. लोकांनी काय शोधलं तेव्हा तुमचं पान समोर आलं, किती वेळा आलं, कितीजणांनी उघडलं, साधारण कितव्या नंबरवर होतं, सगळं दिसतं, मागच्या १६ महिन्यांपर्यंतचं. महिन्यातून एकदा बघा. एखाद्या शोधात तुम्ही बाराव्या-पंधराव्या नंबरवर असाल तर ती पोस्ट उघडा, त्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात नीट आहे का बघा, नसेल तर घाला. नवीन दहा पोस्ट लिहिण्यापेक्षा अशी एक जुनी पोस्ट दुरुस्त केलेली बरी.

पोस्टच्या पत्त्याचं थोडक्यात सांगतो. ब्लॉगरला देवनागरी शीर्षक दिलं की पत्ता "ब्लॉग-पोस्ट_२७" असा काहीतरी होतो. पुढच्या पोस्टना पब्लिश करायच्या आधी उजवीकडच्या पर्मालिंकमध्ये इंग्रजी अक्षरात दोन-तीन शब्द द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना बरं दिसतं. पण जुन्यांचे पत्ते बदलायला जाऊ नका, जिथे जिथे ती लिंक गेलीय तिथून ती तुटेल, आणि पत्त्यातल्या शब्दांचा रँकिंगवर फारसा परिणाम होतही नाही. तसंच ती काळ्या पार्श्वभूमीची जुनी थीम बदला, मोबाइलवर अक्षरं इतकी बारीक येतात की मला चष्मा काढून फोन डोळ्याजवळ धरावा लागला, आणि गूगल आता पानाची मोबाइलवरची आवृत्तीच धरतं. ब्लॉगरमधली कंटेम्पो थीम साधी आणि चांगली आहे.

आता लिंक. फोनवाला १८ हजारांत बहुधा हेच करणार आहे, कुठल्या कुठल्या साइटवरून तुमच्या ब्लॉगकडे शेकडो लिंक लावणार. यातून मी गेलोय म्हणून सांगतो. २०११ मध्ये माझा किल्ल्यांवरचा ब्लॉग होता, एकाला साडेचार हजार दिले, दोन महिने आकडे खरंच वर गेले, मी सगळ्यांना सांगत सुटलो. २०१२ च्या एप्रिलमध्ये गूगलने पेंग्विन नावाचा बदल आणला, विकतच्या आणि बनावट लिंकवाल्यांसाठीच होता तो, आणि माझा ब्लॉग दिसेनासा झाला. ज्या राजगडाच्या पोस्टसाठी मी तीन वेळा गड चढलो होतो ती माझ्याच नावाने शोधली तरी सापडेना. त्या माणसाने फोन उचलणं बंद केलं, आणि लिंक काढून टाका म्हणून अनोळखी साइटवाल्यांना मेल पाठवण्यात माझं जवळजवळ वर्ष गेलं. तुमच्या आईच्या वहीचं असं होऊ नये एवढंच मला वाटतं.

खऱ्या लिंक तुम्हाला सहज मिळतील. मालवण-तारकर्लीला होमस्टे चालवणारे ओळखीचे असतीलच, त्यांच्या साइटवर "आमच्याकडची काळ्या वाटाण्याची उसळ अशी बनते" म्हणून तुमच्या पोस्टची लिंक राहू दे. दुसऱ्या मराठी ब्लॉगवाल्यांचं आवडलं तर तुम्ही त्यांना लिंक द्या, ओळख होते, पुढे तेही देतात. आणि स्वतःच्या घरातल्या लिंक तर आजच द्या, तुमच्या १६३ पोस्ट एकमेकींशी बोलतच नाहीत. बांगड्याच्या तिरफळातल्या आमटीत तिरफळ किती टाकायचं म्हणून लिहिलंय, तिथेच तुमच्या तिरफळ वाळवायच्या पोस्टची लिंक हवी, आणि लिंकचे शब्द "तिरफळ कसं वाळवायचं" असे हवेत, "इथे क्लिक करा" नको.

महिन्याला १०० लेखांचं तर अजिबात ऐकू नका. ते मशिनकडून लिहून घेतलेले असणार, आणि फक्त रँकिंगसाठी असे ढिगाने लेख टाकणं गूगलने मार्च २०२४ पासून स्पॅमच्या नियमात स्पष्ट धरलंय. पण गूगल बाजूला ठेवलं तरी, ज्याने घावणा कधी उलटला नाही त्याचं लिहिलेलं तुमच्या नावाखाली का जावं?

वेळ लागेल. काही बदल काही तासांत दिसतात, काहींना महिने लागतात, गूगलही असंच सांगतं. म्हणून सणावाराच्या आणि मोसमाच्या पोस्ट आधी हातात घ्या. हळदीच्या पानातल्या पातोळ्या नागपंचमीच्या आदल्या दिवशी टाकून काय उपयोग, ती पोस्ट आषाढ लागायच्या आत नीट झालेली हवी. ओल्या काजूची जानेवारीत. आणि मोसम गेला म्हणून पुढच्या वर्षी नवीन पोस्ट लिहू नका, तीच उघडा, या वर्षी काजूगराचा भाव काय होता, फोटो नवीन, एवढं घाला आणि तोच पत्ता राहू द्या.

एकदम १६३ चा डोंगर डोळ्यासमोर आणू नका. आठवड्याला दोन पोस्ट, एक शीर्षक बदलायची आणि एक वहीतलं पान टाइप करायचं. ब्लॉगरच्या आकड्यांमध्ये स्वतःच्या भेटी न मोजण्याची सोय आहे ती पण चालू करा, म्हणजे आलेला माणूस खरा आलेला आहे हे कळेल.

त्या फोनवाल्याला नको म्हणून आजच कळवा. आणि तवसाळीचं पान टाइप झालं की मला लिंक पाठवा, रवा मावेल तेवढा म्हणजे किती ते मलाही हवंय, घरी तवसं आणून ठेवलंय.